मतदार यादीतील आपले नाव : लोकसभेची निवडणूक आणि ख्रिस्ती नागरिक

मतदानाच्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपते न आटोपते तोच धर्मग्रामाच्या कार्यालयातील दूरध्वनी वाजू लागतो. "फादर, मी केंद्रावर जाऊन आले, पण यादीत माझे नावच नाही. आता काय करू?" असे विचारणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या आजी असतात, लग्न होऊन नुकत्याच आपल्या धर्मग्रामात आलेल्या सुना असतात, मतदानासाठी आखातातून रजा काढून आलेले तरुणही असतात. त्या दिवशी या प्रश्नाला एकच उत्तर देता येते व ते देताना मन खिन्न होते : आज काहीही करता येणार नाही. जे करायचे होते ते काही आठवड्यांपूर्वी, घरबसल्या, पाच-दहा मिनिटांत होण्यासारखे होते.

निवडणूक म्हणजे प्रचारसभा, झेंडे आणि निकालाच्या दिवसाची धामधूम अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती अनेक लहान लहान पायऱ्यांची एक दीर्घ प्रक्रिया आहे आणि तिची पहिली पायरी म्हणजे मतदार यादीतील आपले नाव. ही पायरी चुकली, तर पुढच्या साऱ्या पायऱ्या आपल्यापुरत्या निरर्थक ठरतात. म्हणून लोकसभेची निवडणूक कशी होते, आपल्या मताचे पुढे काय होते आणि ख्रिस्ती नागरिक या नात्याने आपले कर्तव्य कोणते, याची माहिती या लेखात क्रमाने देत आहोत.

एकच यादी, सर्वांना एक मत

आज जे आपल्याला सहज मिळाले आहे, ते आपल्या पणजोबांना नव्हते. ब्रिटिश अमदानीतील १९३५ च्या कायद्यानुसार मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता आणि बहुसंख्य प्रौढ व्यक्ती त्यापासून वंचित होत्या. शिवाय मतदार धर्मानुसार विभागलेले होते. मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे, शिखांचे वेगळे, भारतीय ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन यांचेही वेगळे.

स्वतंत्र भारताच्या संविधान सभेने ही पद्धत मोडीत काढली. त्या सभेचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगालमधील ख्रिस्ती विचारवंत होते आणि फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरूही सभासद होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा ठेवू नयेत, या मे १९४९ मधील निर्णयाला या दोघांनीही पाठिंबा दिला. ख्रिस्ती माणसाने या देशात केवळ एका समाजाचा सभासद म्हणून नव्हे, तर इतरांच्या बरोबरीचा नागरिक म्हणून मत द्यावे, अशी ती भूमिका होती. संविधानाच्या अनुच्छेद ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणांवरून कोणालाही तिच्यातून वगळता येत नाही. अनुच्छेद ३२६ ने सर्व प्रौढांना मताधिकार दिला. आरंभी त्यासाठी वयाची अट २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर्षांवर आली.

लोकसभेत अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सभासद राष्ट्रपतींनी नामनियुक्त करण्याची तरतूद मात्र दीर्घकाळ टिकून होती. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून तीही संपुष्टात आली. आज लोकसभेत बसणारा प्रत्येक सभासद मतदारांनी निवडून दिलेला असतो.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पार पडली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी तयार करण्याचे प्रचंड काम होते. या कामात एक विलक्षण अडचण आली. अनेक स्त्रियांनी यादी करणाऱ्यांना स्वतःचे नाव सांगण्याचे नाकारले. अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई एवढीच ओळख त्यांनी दिली. अशा ओळखीवर नाव नोंदवणे आयोगाला मान्य नव्हते. पुन्हा संधी देऊनही ज्यांची खरी नावे मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी अखेर वगळाव्या लागल्या. कठोर वाटणाऱ्या या निर्णयामागचे तत्त्व मोलाचे होते : मत कुटुंबाचे नसते, नवऱ्याचे नसते, समाजाचे नसते, ते स्वतःचे नाव असलेल्या एका व्यक्तीचे असते.

आपण नेमके कोणाला निवडतो?

लोकसभेच्या निवडणुकीत आपण पंतप्रधानांना मत देत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण आपल्या मतदारसंघातून एक खासदार निवडतो. देशात असे ५४३ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी महाराष्ट्रात ४८, तर गोव्यात उत्तर गोवा व दक्षिण गोवा असे दोन आहेत. या ५४३ पैकी ८४ मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी व ४७ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

वसई परिसर ज्या पालघर मतदारसंघात मोडतो, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे "आपल्याला तिथे मत आहे का?" असा प्रश्न कधी कधी ऐकू येतो. राखीव मतदारसंघात उमेदवार त्या प्रवर्गाचा असावा लागतो; मत मात्र तेथील सर्वच मतदारांनी द्यायचे असते. आपल्या परिसरातील आदिवासी बांधवांचे प्रश्न संसदेत मांडणारा प्रतिनिधी निवडण्यात आपलाही वाटा आहे, हे आपण अभिमानाने मानले पाहिजे.

निवड कशी ठरते? ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली, तेव्हा १३३ कार्डिनलांपैकी निदान ८९ जणांची, म्हणजे दोन-तृतीयांश मते आवश्यक होती आणि तेवढी मते मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मतदान होत राहिले. आपल्याकडील पद्धत वेगळी आहे. येथे मतदान एकदाच होते आणि ज्याला इतर प्रत्येक उमेदवारापेक्षा अधिक मते मिळतात तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. दोघांची मते अगदी समसमान झाली, तर कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकून निर्णय होतो.

२०२४ च्या निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात विजयी उमेदवाराला ४,५२,६४४ व त्याच्या प्रतिस्पर्ध्याला ४,५२,५९६ मते मिळाली. अंतर अवघ्या ४८ मतांचे. अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरी, गोरेगाव अशा भागांत पसरलेल्या या मतदारसंघात अनेक कॅथॉलिक धर्मग्राम आहेत. ४८ मते म्हणजे रविवारच्या मिस्सेला दोन-तीन बाकांवर बसणारी कुटुंबे! त्या दिवशी, २० मे २०२४ रोजी, सोमवार होता व मे महिन्याची सुट्टी चालू होती. शनिवार-रविवारला जोडून गावी गेलेल्यांनी कोणाला मत दिले असते हे कोणीच सांगू शकत नाही. पण माझ्या एका मताने काय होणार, हा प्रश्न तरी पुन्हा कोणी विचारू नये.

यादीत नाव कसे घालावे?

मतदार यादी तयार करण्याचे व निवडणूक घेण्याचे काम संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार भारत निवडणूक आयोगाकडे आहे. आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली. २०११ पासून तो दिवस राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो. ग्रामपंचायत व महानगरपालिका यांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. ती वेगळी संस्था आहे.

यादीसंबंधी पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात.

नवीन नाव : १८ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाने नमुना ६ भरावा. पूर्वी वयाची गणना केवळ १ जानेवारीला होत असे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा ठरवण्यात आल्या. दहावी-बारावीनंतरच्या मुलामुलींना आता वर्षभर थांबावे लागत नाही.

स्थलांतर व दुरुस्ती : घर बदलले, नावात चूक असली किंवा छायाचित्र बदलायचे असले, तर नमुना ८ भरावा. आपल्या आडनावांची यादीत फार ओढाताण होते. एकाच घरात वडील 'डिमेलो', मुलगा 'डी मेलो', सून लग्नापूर्वीच्या 'लोपीस' या आडनावाने, असे चित्र दिसते. नावावरून शोध घेताना ते सापडत नाही व नाव गेले असा समज होतो. त्यासाठी मतदार ओळखपत्रावरील क्रमांकाने शोध घेणे अधिक सोयीचे.

नाव वगळणे : घरातील व्यक्ती प्रभूच्या घरी गेल्यावर आपण तिच्यासाठी महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा अगत्याने सांगतो, पण यादीतील तिचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यासाठी नमुना ७ आहे. मृताचे नाव यादीत राहू देणे म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी त्या नावाचा गैरवापर करण्याची संधी ठेवणे होय.

एकच ठिकाण : एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणच्या यादीत असू शकते. मुंबईत सदनिका व गावी वाडवडिलांचे घर असलेल्या कुटुंबांनी आपण खरोखर कोठे राहतो याचा विचार करून एक ठिकाण निश्चित करावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि प्रामाणिकपणालाही नाही.

परदेशस्थ : आखातात किंवा अन्यत्र नोकरीसाठी राहणारे, परंतु भारतीय नागरिकत्व कायम असलेले बंधुभगिनी नमुना ६अ भरून पारपत्रावरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतात. त्यांना मतदानासाठी पारपत्र घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले, त्यांचा मताधिकार मात्र संपतो. परदेशस्थ भारतीय नागरिकाचे म्हणजे ओसीआय कार्ड मिळाल्याने तो परत येत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्या गोवेकर कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हे सारे अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतात. माहितीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत कोणाचेही नाव घालता येत नाही. मतदानाच्या दिवशी फादरांना दूरध्वनी करून उपयोग होत नाही तो यामुळेच.

एकदा नाव आले म्हणजे कायमचे आले, असेही समजू नये. २०२५ मध्ये आयोगाने बिहारपासून मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू केले व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गोव्यासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेश त्याच्या पुढील टप्प्यात घेतले. अशा वेळी घरोघरी येणारा अर्ज भरून न दिल्यास नाव प्रारूप यादीतून गळते. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकती व दावे यांसाठी मुदत असते. त्या मुदतीतच नाव पाहून घ्यावे.

अधिसूचनेपासून मतदानापर्यंत

लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते. ती त्याआधीही विसर्जित होऊ शकते. आयोगाने निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करताच आदर्श आचारसंहिता लागू होते. त्यानंतर सरकारला मतदारांना भुलवणाऱ्या नव्या योजना जाहीर करता येत नाहीत आणि सरकारी वाहने व यंत्रणा प्रचारासाठी वापरता येत नाही.

अधिसूचना निघाल्यापासून उमेदवारी अर्जासाठी सात दिवस मिळतात. दुसऱ्या दिवशी छाननी होते व त्यानंतर अर्ज मागे घेण्यासाठी दोन दिवस असतात. तेथून मतदानापर्यंत निदान चौदा दिवसांचे अंतर असावे लागते. उमेदवाराला २५,००० रुपये अनामत ठेवावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती १२,५०० रुपये आहे. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते.

मतदाराच्या दृष्टीने या टप्प्यातील सर्वांत उपयुक्त कागद म्हणजे उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. ती आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येते. मुलीचे स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. पाच वर्षांसाठी प्रतिनिधी निवडताना निदान हा कागद तरी वाचायला हवा.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद होतो. हा काळ मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून आहे.

मतदान केंद्रात काय घडते?

मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर निदान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतले जाते. त्याचा निकाल जुळल्यावर ती मते पुसून यंत्र मोहोरबंद केले जाते व मगच खरे मतदान सुरू होते.

आपण आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीत आपले नाव पाहतो व ओळख पटवतो. मतदार ओळखपत्र नसल्यास आधार, पारपत्र, पॅन कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना अशी आयोगाने मान्य केलेली कागदपत्रे चालतात. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी मात्र ओळखीचा पुरावा नाही. दुसरा अधिकारी डाव्या तर्जनीला शाई लावतो व नोंदवहीत सही घेतो. ही न पुसणारी शाई म्हैसूर येथील सरकारी कारखान्यात तयार होते व १९६२ च्या निवडणुकीपासून तिचा वापर होत आहे. तिसरा अधिकारी नियंत्रण यंत्राची कळ दाबून आपल्यासाठी मत खुले करतो. मग आडोशामागे जाऊन आपण उमेदवाराच्या चिन्हासमोरील निळे बटण दाबतो. शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते व आतील पेटीत पडते. ही चिठ्ठी नीट पाहूनच बाहेर पडावे.

मतदान यंत्राचा पहिला प्रयोग १९८२ मध्ये केरळातील परूर येथे ५० केंद्रांवर झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान अमान्य ठरवले. पुढे कायदा दुरुस्त झाला व २००४ मध्ये लोकसभेचे सर्व मतदारसंघ यंत्रांवर आले. यंत्रांबाबत शंका घेतल्या गेल्या, तेव्हा कागदी चिठ्ठीची जोड देण्यात आली. २०१९ पासून ती सर्व केंद्रांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली.

यंत्रावर शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' असाही पर्याय असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधील निर्णयाने तो मिळाला. लोकसभेच्या निवडणुकीत या मतांचा निकालावर परिणाम होत नाही : ती कितीही असली तरी उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तोच विजयी होतो.

काही विशेष सोयीही आहेत. दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराला बरोबर एक प्रौढ सोबती नेता येतो. त्या सोबत्याला मत गुप्त ठेवण्याचे लिहून द्यावे लागते. २०२४ च्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना व ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२ड भरून द्यावा लागला. घरी पडून असलेल्या आजी-आजोबांना पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियन नेणारे सेवक ही माहितीही त्यांच्यापर्यंत सहज पोहोचवू शकतात. आपल्या नावावर आधीच कोणी मत दिल्याचे आढळले, तर निमूटपणे परतू नये; ओळख पटल्यावर वेगळ्या मतपत्रिकेवर मत नोंदवण्याचा आपला हक्क आहे. मतदानाची वेळ संपताना जे रांगेत उभे असतील, त्या सर्वांना मत देऊ दिले जाते. मतदानाच्या दिवशी नोकरदारांना भरपगारी सुट्टी देण्याचे बंधन मालकांवर आहे.

मतमोजणी आणि सरकार

मोजणीच्या दिवशी प्रथम टपाली मते व नंतर फेरीनिहाय यंत्रांतील मते उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष मोजली जातात. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात व तेथील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहतात. निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते.

सर्व निकाल लागल्यावर ज्या पक्षाला किंवा आघाडीला ५४३ पैकी निदान २७२ सभासदांचा पाठिंबा असेल, तिच्या नेत्याला राष्ट्रपती सरकार बनविण्यासाठी पाचारण करतात. २०२४ मध्ये कोणत्याही एका पक्षाला हा आकडा गाठता आला नाही. भारतीय जनता पक्षाला २४० व काँग्रेसला ९९ जागा मिळाल्या आणि २९३ जागा मिळवणाऱ्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे सरकार आले.

संसदीय लोकशाहीचे मर्म यापुढे आहे. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. तिचा विश्वास असेपर्यंतच ते अधिकारावर राहते. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला व देशाला पुन्हा निवडणुकीला सामोरे जावे लागले. आपण निवडलेला खासदार केवळ रस्ते व गटारे यांसाठी नसतो. कायदे करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, सरकार टिकवणे किंवा पाडणे हे त्याचे खरे काम असते. तो आपल्या लग्नाला किंवा सणाला येतो की नाही, यापेक्षा संसदेत तो काय बोलतो व कशाच्या बाजूने हात वर करतो, हे पाहणे महत्त्वाचे.

ख्रिस्तसभा काय सांगते, काय सांगत नाही?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात (क्र. ७५) मतदान हा नागरिकांचा हक्क आहेच, पण सर्वांच्या हितासाठी तो वापरणे हे कर्तव्यही आहे, अशी शिकवण दिली. कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २२४०) तर कर भरणे व देशाचे रक्षण करणे यांच्या पंक्तीतच मतदानाला नैतिक कर्तव्य म्हणून स्थान देतो. तेव्हा मतदान टाळणे ही केवळ आळसाची बाब राहत नाही.

मग फादरांनी वेदीवरून उमेदवाराचे नाव का सांगू नये, असे काही भाविक विचारतात. त्याला दोन कारणे आहेत. पहिले ख्रिस्तसभेच्या कायद्याचे. धर्मगुरूंना राज्यसत्तेत सहभागी करणारी सार्वजनिक पदे स्वीकारण्यास व राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यास तो मनाई करतो (कलमे २८५ व २८७). धर्मगुरू सर्वांचा असतो. दोन पक्षांत वाटल्या गेलेल्या भावांनी एकाच वेदीसमोर यावे, हे त्याने पाहायचे असते.

दुसरे कारण देशाच्या कायद्याचे. प्रार्थनास्थळांचा राजकीय प्रचारासाठी उपयोग करण्यास १९८८ च्या कायद्याने बंदी आहे. अमक्याला मत दिल्यास देवाचा कोप होईल किंवा धार्मिक शिक्षा होईल अशी भीती घालणे, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार गैरवाजवी दडपण ठरते. धर्माच्या नावाने मते मागणे हाही त्याच कलमाखाली भ्रष्टाचार आहे. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केले, की ही बंदी केवळ उमेदवाराच्या धर्माला नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेल्या आवाहनालाही लागू आहे. म्हणून "आपला माणूस" एवढ्याच कारणासाठी मत मागणाऱ्याकडे, मग तो आपल्याच धर्मग्रामाचा का असेना, आपण सावधपणे पाहिले पाहिजे.

पैसे, साडी, भांडीकुंडी किंवा जेवणावळ यांच्या मोबदल्यात मत देणे-घेणे हा दोघांचाही गुन्हा आहे. "सगळ्यांचे घ्यावे आणि मत आपल्याला हवे त्याला द्यावे," अशी चतुराई काही जण सांगतात. ती चतुराई नव्हे. घेतलेला हात उद्या प्रश्न विचारण्यासाठी वर होत नाही.

मग मत कोणाला द्यावे? ते प्रत्येकाने आपल्या विवेकाशी ठरवायचे आहे. विवेक घडवण्यासाठी मात्र काही प्रश्न जरूर विचारावेत. हा उमेदवार गरिबांच्या व दुर्बलांच्या बाजूने उभा राहिला आहे काय? मानवी जीवनाची प्रतिष्ठा, धर्मस्वातंत्र्य, शेती, पाणी व पर्यावरण यांविषयी त्याचे म्हणणे काय आहे? तो माणसामाणसांत तेढ लावतो की सलोखा? त्याचे प्रतिज्ञापत्र काय सांगते? संत थॉमस मोर यांनी राजाच्या इच्छेपेक्षा विवेकाचा आवाज श्रेष्ठ मानला व त्यासाठी प्राण दिले. २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राजकारणी व शासनकर्ते यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. मतदाराकडून प्राणांची मागणी नाही. त्या आडोशामागे कोणी पाहत नसताना प्रामाणिक राहावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.

आता काय करावे?

प्रत्येक कुटुंबाने या आठवड्यात एक संध्याकाळ काढावी. सायंप्रार्थना झाल्यावर घरातील सर्वांची ओळखपत्रे एकत्र आणावीत व एकेक क्रमांक यादीत तपासावा. कोणाचे नाव नाही, कोणाचे चुकले आहे, कोणाचे वगळायचे राहिले आहे, हे लिहून घेऊन योग्य तो नमुना भरावा. युवक मंडळांनी आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी हे काम करावे; शेजारच्या बिगर-ख्रिस्ती कुटुंबांनाही मदत करावी, कारण यादी एकच आहे.

१९५१ साली यादीतून वगळल्या गेलेल्या त्या २८ लाख स्त्रियांना आपले नाव सांगणे रीतीने मना केले होते. आपल्याला कोणी मना केलेले नाही. पुढच्या निवडणुकीच्या सकाळी धर्मग्रामाच्या कार्यालयातील दूरध्वनी शांत राहावा आणि आपण सर्वांनी मतदान केंद्राच्या रांगेत भेटावे, हीच सदिच्छा. प्रभू आपणा सर्वांना विवेक व धैर्य देवो.